केसलापूरच्या जत्रेंतील परदेशी पाहुणा

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण अंगास पैनगंगा वाहते. पांढरकवड्याहून पाटणबोरीची सडक धरून माणूस नदीपाशीं आला, कीं पूल ओलांडावयास त्यास कांहीं क्षण पुरतात. पलीकडे आदिलाबाद जिल्ह्याची हद्द लागते. नकाशाच्या दृष्टीनें ह्या नदीचें महत्त्व फार आहे. १८५३ च्या तहानें वऱ्हाड प्रांत निजामाकडून कंपनी सरकारच्या ताब्यांत गेला, आणि तेव्हांपासून जवळजवळ शंभर वर्षें नदीच्या अलीकडे इंग्रजी अंमल व पलीकडे निजामाचें राज्य, अशी स्थिति होती. आज अलीकडे महाराष्ट्र व पलीकडे तेलंगण आहे. परंतु केळापूर, वणी, मारेगांव, झरी-जामणी, घाटंजी ह्या तालुक्यांतील गोंड कुटुंबांच्या सोयरिकींचा शोध घेतला, तर त्या नदीच्या दोन्ही तीरांवर आढळतात. राज्यें बदललीं, जिल्ह्यांचीं नांवें बदललीं, पूर्वींच्या वणी जिल्ह्याचा १९०५ मध्यें यवतमाळ जिल्हा झाला. सोयरिकी मात्र होत्या तेथेंच राहिल्या.

पौष महिना सरत आला, कीं ह्या तालुक्यांतील मेश्राम कुळाच्या लोकांचे डोळे पलीकडच्या तीराकडे लागतात. कारण त्यांच्या कुळाचा देव नागोबा पलीकडे, इंद्रवेल्लीजवळच्या केसलापूर गांवीं आहे. यवतमाळ जिल्ह्यांतील केळापूर हें जगदंबेचें स्थान. तें निराळें, आणि हें केसलापूर निराळें. पौष अमावास्येच्या रात्रीं येथें नागोबाची महापूजा होते, आणि तिच्या निमित्तानें दोन्ही तीरांवरचे लोक एकत्र जमतात. सुमारें ऐंशी वर्षांमागें ह्या जत्रेंत एक गोरा मनुष्य येऊन बसला. तो व्यापारी नव्हता, धर्मोपदेशक नव्हता, आणि त्या वेळीं सरकारचा मोठा अंमलदारही नव्हता. खरें म्हटलें तर तो सरकारच्या नजरकैदेंतला मनुष्य होता. त्याच्या येण्यानें जत्रेंत काय बदललें, आणि जत्रेनें त्या मनुष्यांत काय बदललें, ही हकीकत आपल्या शेजारींच घडलेली असूनही आपल्याकडे फारशी सांगितली गेलेली नाहीं.

कोणत्याही गांवचा उत्सव पाहणें सोपें असतें. त्यांत सामील होणें कठिण असतें. पाहणारा कडेला उभा राहतो, चार गोष्टी टिपून घेतो, आणि दिवे मालवण्यापूर्वीं आपल्या वाटेनें जातो. जो सामील होतो, त्यास मात्र गांवाचें देणें लागतें. ज्याच्या पंक्तीला बसलों, त्याच्या अडचणीला उभें राहिलें पाहिजे, हा आपल्या खेड्यापाड्यांतला अलिखित कायदा आहे. परदेशी पाहुण्याला हा कायदा सहसा लागू केला जात नाहीं. तो आला, पाहुणचार घेतला, गेला, एवढ्यावर त्याचा हिशेब संपतो. केसलापूरच्या पाहुण्याचा हिशेब इतक्या लौकर संपला नाहीं.

ह्या पाहुण्याचें नांव क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ. त्यांचा जन्म १९०९ सालीं ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथें एका उमराव घराण्यांत झाला. व्हिएन्नाच्या विद्यापीठांत त्यांनीं मानववंशशास्त्राचा अभ्यास केला, आणि आसाम व ब्रह्मदेश ह्यांच्या सीमेवरील डोंगरी जमातींच्या समाजरचनेवर प्रबंध लिहून डॉक्टरची पदवी मिळविली. हा प्रबंध त्यांनीं ग्रंथांच्या आधारानें लिहिला. ज्यांच्याविषयीं लिहिलें ते लोक तोंवर त्यांनीं पाहिलेही नव्हते. पुढें लंडन येथें मालिनोव्स्की ह्या नामांकित पंडिताच्या सहवासांत त्यांना एक नवीन दृष्टि मिळाली. एखादा समाज समजून घ्यावयाचा, तर त्याच्या गांवांत राहिलें पाहिजे, त्याची भाषा शिकली पाहिजे, त्याच्या सणावारांत व सुतकांत बसलें पाहिजे, ही ती दृष्टि. १९३६ व १९३७ ह्या सालीं ते नागा टेकड्यांत जाऊन कोन्याक नागा लोकांत राहिले. १९३८ मध्यें एलिझाबेथ बर्नार्डो ह्या इंग्रज बाईंशीं त्यांचा विवाह झाला. ह्या बाईंना सर्वजण बेट्टी म्हणत, आणि पुढच्या सर्व प्रवासांत नोंदी ठेवण्यापासून बिऱ्हाड मांडण्यापर्यंत त्यांचा अर्धा वाटा होता.

त्याच १९३८ सालीं हिटलरनें ऑस्ट्रिया गिळंकृत केला, आणि ऑस्ट्रियाचे नागरिक एका रात्रींत जर्मन नागरिक ठरले. १९३९ मध्यें हें जोडपें पुन्हा हिंदुस्थानांत आलें, आणि थोड्याच दिवसांत महायुद्ध पेटलें. जर्मन पारपत्र जवळ असलेला मनुष्य इंग्रज सरकारच्या दृष्टीनें शत्रुराष्ट्राचा प्रजाजन झाला. हायमेनडॉर्फ ह्यांना स्थानबद्ध करण्यांत आलें. तथापि त्यांची विद्वत्ता ओळखणारे स्नेही हैदराबादेंत होते, आणि इंग्रज अधिकाऱ्यांतही कांहीं समंजस माणसें होतीं. शेवटीं निजामाच्या राज्याच्या हद्दींत राहून त्यांनीं आपला अभ्यास करावा, अशी तोड निघाली. नागा टेकड्या दूर राहिल्या. ज्या प्रदेशाचा त्यांनीं कधीं विशेष विचार केला नव्हता, तो दक्षिणेचा अरण्यप्रदेश त्यांच्या वांट्याला आला. प्रथम कृष्णाकांठचे चेंचू, नंतर गोदावरीच्या खोऱ्यांतील कोंडा रेड्डी, आणि १९४१ पासून आदिलाबादचे राजगोंड, असा त्यांचा क्रम झाला. चार भिंतींच्या तुरुंगाऐवजीं त्यांना सबंध एक अरण्य मिळालें होतें, परंतु तें अरण्य सोडून घरीं जाण्याची मुभा नव्हती. आपला देश परक्याच्या हातीं गेलेला, आपण परमुलखांत अडकलेले, आणि परत केव्हां जावयास मिळेल ह्याची शाश्वती नाहीं, अशा मनःस्थितींत हा मनुष्य गोंडांच्या दारीं आला.

ज्यांच्या दारीं तो आला, त्यांची स्थिति तरी काय होती? एके काळीं चांदा, म्हणजे आजचें चंद्रपूर, येथें गोंड राजांची गादी होती, आणि पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर त्यांचा अंमल चालत असे. अठराव्या शतकाच्या मध्यास नागपूरकर भोसल्यांनीं तें राज्य घेतलें. राजे गेले तरी जमीन होती. अरण्य विस्तीर्ण होतें, आणि नांगरणारे हात थोडे होते. विसाव्या शतकांत हें चित्र पालटलें. सडका झाल्या, काझीपेठहून बल्लारशाकडे आगगाडी धांवूं लागली, आणि तिच्याबरोबर सर्व दिशांनीं जमीन शोधणारे लोक आले. गोंडाची शेती पिढ्यान्‌पिढ्यांची, परंतु तिचा कागद त्याच्याजवळ नव्हता. ज्याच्याजवळ कागद करून घेण्याची अक्कल होती, त्याच्या नांवें जमीन झाली. दुसरीकडे जंगलखात्यानें राखीव जंगलाच्या रेषा आंखल्या, आणि जुनीं गांवें त्या रेषांच्या आंत सांपडलीं. ह्या जाचांतूनच कोमराम भीम नांवाच्या गोंड तरुणानें जंगल, पाणी व जमीन ह्यांवरील हक्कासाठीं झगडा मांडला, आणि १९४० सालीं जोडेघाट येथें तो व त्याचे कांहीं साथीदार निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. निजाम सरकारलाही तेव्हां वाटूं लागलें, कीं शांतपणें राहणारे हे लोक कां बिथरले, ह्याचा कोणीतरी शोध घ्यावा.

अशा वेळीं हायमेनडॉर्फ पतिपत्नी उटनूरच्या डोंगराळ भागांतील मार्लवाई ह्या गोंड गांवीं येऊन राहिले. गांवचा पाटील लच्चू पटेल ह्यानें त्यांना थारा दिला. ज्या गांवकऱ्यांना टोपीवाला म्हणजे जंगलाचा दंड वसूल करणारा एवढीच ओळख होती, त्यांच्या शेजारीं हा टोपीवाला घर करून राहूं लागला आणि त्यांची भाषा शिकूं लागला. गोंडी ही द्राविड कुळांतील भाषा आहे. तेलुगूशीं तिचें नातें असलें तरी तिचें स्वतंत्र व्याकरण आहे. भाषा येऊं लागली तसा समाज उलगडूं लागला. राजगोंडांत चार मोठे विभाग आहेत. सात भावांचा, सहा भावांचा, पांच भावांचा व चार भावांचा, असे ते सांगतात, आणि प्रत्येक विभागास 'सगा' म्हणतात. सगासोयरा हा शब्द ज्याच्या कानांत आहे, त्या मराठी माणसाला हें नांव परकें वाटणार नाहीं. एका सग्यांतले सर्व भाऊबंद; लग्न करावयाचें तें दुसऱ्या सग्यांत. म्हणजे गोंडाच्या जगांत मनुष्य एकतर भाऊ असतो किंवा सोयरा असतो. ह्या दोहोंत न बसणारा जो मनुष्य, त्याचें काय करावें, ह्याची सोय त्या जुन्या रचनेंत नाहीं.

ह्या समाजाची आठवण सांभाळण्याचें काम परधान लोकांकडे असतें. प्रत्येक गोंड घराण्याचा परधान ठरलेला. तो किंगरीवर, म्हणजे तंतुवाद्यावर, यजमानाच्या कुळाची कथा गातो. त्यांतही एक नवल असें, कीं आदिलाबादकडील परधानांची घरांतली भाषा मराठी, परंतु देवापुढें उभे राहून ते कुळकथा गातात ती गोंडीत. एका जमातीचा इतिहास दुसऱ्या भाषेच्या माणसांनीं पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत ठेवावा, हें उदाहरण मराठी वाचकांना अभिमान वाटण्याजोगें आहे. हायमेनडॉर्फ ह्यांच्या ग्रंथाचा मोठा भाग ह्या परधानांच्या मुखांतूनच आलेला आहे.

नवख्या माणसाला गोंडांचा पहिला मोठा उत्सव दिसतो तो दिवाळीच्या सुमारास. आश्विन पौर्णिमेनंतर गांवोगांवच्या दंडारी निघतात. त्यांत गुसाडी असतात. मोरपिसांचा मोठा टोप डोक्यावर, अंगाला राख, खांद्यावर कातडें, हातांत सोटा, असा त्यांचा वेष. आपल्याकडे यवतमाळच्या गोंड व कोलाम वस्त्यांतही दिवाळींत हा नाच अजून होतो, आणि त्यास घुसाडी म्हणतात. वरवर पाहणाऱ्याला तो केवळ नाच वाटतो. परंतु दंडारीचें खरें मर्म पाहुणचारांत आहे. एका गांवची दंडार दुसऱ्या गांवीं जाते, तेथें मुक्काम करते, आणि यजमान गांव त्यांच्या जेवणाखाण्याचा भार उचलतें. उद्यां तें गांव ह्यांच्याकडे येईल. अशा भेटींतूनच सोयरिकी जुळतात. एकमेकांकडे पाहुणे म्हणून जाणें हाच ह्या समाजांत उत्सव आहे. एरवीं जो केवळ नवखा म्हणून दूर राहिला असता, त्यास अशा उत्सवांत बसावयास जागा मिळणें स्वाभाविक होतें.

ह्यानंतर पौषांतली नागोबाची जत्रा. तिची तयारी अमावास्येच्या कित्येक दिवस आधीं सुरू होते. प्रथम मेश्राम कुळाचे लोक छकड्यांत बसून गांवोगांव जत्रेची वर्दी देतात. पूजेचीं मातीचीं भांडीं सिरिकोंडा येथील एका कुंभार घराण्यानेंच घडवावयाचीं, असा परिपाठ आहे. कुंभार हा गोंड नव्हे, तरी त्याच्यावांचून नागोबाची पूजा होत नाहीं. मग कुळांतील माणसें गोदावरीचें पाणी आणण्यासाठीं अनवाणी निघतात. जन्नारमच्या बाजूस हस्तिनमडुगू नांवाचा गोदावरीचा डोह आहे. त्यांतून कलशांत पाणी भरावयाचें आणि मुक्काम करीत करीत पायींच परत यावयाचें. वाटेंत इंद्रवेल्लीच्या देवीची पूजा करून ही मंडळी केसलापुरास पोंचते, आणि तेथील जुन्या वडांच्या झाडांखालीं तळ पडतो. मेश्रामांच्या बावीस शाखा मानतात. स्वयंपाक होतो तो ठरलेल्या चुलींवर, आणि कोणाची चूल कोणती हें पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलें असतें. एवढ्या गर्दींत कोणाला आपली जागा विचारावी लागत नाहीं. प्रत्येकाला ती ठाऊक असते.

वडाखालच्या मुक्कामांत मागील वर्षांत मृत झालेल्या माणसांसाठीं 'तूम' नांवाचा विधि करतात. मृत मनुष्य आतां पूर्वजांत मिळाला, असें त्या विधीनें ठरतें. अमावास्येला मंडळी देवळाकडे जाते. कुळांतल्या माहेरवाशिणी व जांवई माती कालवून वारूळ घालतात, कारण नागोबाचें ठाणें वारुळांत. आणि लेकीजांवयांच्या हाताखेरीज तें उभें राहत नाहीं. रात्र चढल्यावर गोदावरीच्या पाण्यानें महापूजा होते. ढोल, पेपरे व काली ह्या वाद्यांचा गजर उठतो.

महापूजेनंतर जो विधि होतो, त्यास 'भेटिंग' म्हणतात. आपल्या 'भेट' शब्दाशीं त्याचें नातें उघड दिसतें. मागील जत्रेनंतर मेश्राम कुळांत लग्न होऊन आलेल्या सुना पांढऱ्या वस्त्रानें अंग झांकून, तोंड आच्छादून, वडील बायकांच्या मागोमाग देवापुढें येतात. त्यांची नागोबाशीं भेट घडविली जाते, आणि मग त्या कुळांतल्या वडीलधाऱ्यांच्या पायां पडतात. ही भेट होईपर्यंत सुनेला कुळदेवाच्या पूजेंत भाग घेतां येत नाहीं. लग्न होऊन महिने लोटलेले असोत, कडेवर मूल असो, ती तोंवर परक्या कुळाचीच. भेटिंग झाली, कीं ती मेश्रामांची झाली.

आतां श्रोत्यांच्या ध्यानांत येईल, कीं ही सबंध जत्रा नवख्यांची सोय लावण्यासाठींच जणूं भरते. मेलेल्यांना पूर्वजांत घेतात, सुनांना कुळांत घेतात, लेकी परक्या घरीं गेल्या म्हणून त्यांचा माहेरचा मान जाऊं नये यासाठीं वारूळ त्यांच्या हातून घालवितात, गोंड नसलेल्या कुंभाराला भांड्यांच्या रूपानें वांटा देतात. जो कोणी येईल त्याला कांहींतरी काम असतें, आणि त्या कामामुळें त्याला नातें मिळतें. फक्त पाहण्यासाठीं आलेल्या माणसाला मात्र ह्या जत्रेंत काम नाहीं. १९४० नंतरच्या त्या वर्षांत हायमेनडॉर्फ वडाखालीं येऊन बसले, तेव्हां त्यांच्यापुढें हाच प्रश्न होता. ते भाऊ नव्हते, सोयरे नव्हते, सून-जांवई नव्हते. त्यांच्या वांट्याला कोणतें काम यावें?

तें काम जमलेल्या लोकांच्या अडचणींनींच ठरविलें. जत्रेला दूरदूरचे पाटील व पंच एकत्र येत. घरोघर जी तक्रार होती, तीच येथें शेकडों मुखांनीं ऐकूं येई. कोणाची जमीन सावकाराच्या नांवें झालेली, कोणाचें गांव जंगलखात्यानें उठविलेलें, कोणाकडून पटवाऱ्यानें दोनदां पैसे उकळलेले. कचेरी दूर, तेथील कारभार उर्दूंत, आणि गोंडाची भाषा समजणारा तेथें कोणी नाहीं. हायमेनडॉर्फ ह्यांनीं मार्ग काढला तो साधा होता. गोंड कचेरींत जाऊं शकत नाहींत, तर कचेरीनेंच गोंडांच्या जत्रेंत यावें. जत्रेच्या दिवसांत दरबार भरवावा, महसूल, जंगल व पोलीस ह्या खात्यांचे अधिकारी तेथें बसावेत, आणि लोकांनीं आपल्या देवाच्या अंगणांत, आपल्या माणसांच्या देखत गाऱ्हाणें मांडावें. केसलापूरचा दरबार त्या दशकांत अशा रीतीनें सुरू झाला, आणि आजही जत्रेचा तो एक भाग होऊन राहिला आहे.

ह्या योजनेंत मोठें शहाणपण होतें. कचेरींत एकटा गोंड हात जोडून उभा राहतो. केसलापुरास तो यजमान असतो आणि अधिकारी पाहुणा असतो. मागणें तेंच, परंतु मागणाऱ्याची मान ताठ. शिवाय शेकडों लोकांच्या समक्ष दिलेलें आश्वासन मोडतांना अंमलदारालाही दहादां विचार करावा लागतो.

परिणाम केवळ शब्दांत राहिला नाहीं. १९४५ पासून हायमेनडॉर्फ निजाम सरकारचे आदिवासी व मागासलेल्या वर्गांविषयींचे सल्लागार झाले, आणि उस्मानिया विद्यापीठांत मानववंशशास्त्राचे अध्यापकही झाले. १३५६ फसलीचा, म्हणजे इ. स. १९४६ चा, आदिवासी क्षेत्राविषयींचा कायदा ह्याच काळांतला. 'लावणी खास' ह्या नियमांखालीं गोंड, कोलाम इत्यादि लोकांना त्यांच्या वहिवाटीच्या जमिनींचे पट्टे मिळूं लागले. १९४९ पर्यंत ११ हजारांवर लोकांना सुमारें १ लाख ६० हजार एकर जमीन मिळाली. मार्लवाईस १९४३ मध्यें गोंड शिक्षक तयार करण्याचें केंद्र निघालें. गोंडी भाषेचीं पहिलीं पाठ्यपुस्तकें तयार झालीं, तीं देवनागरी लिपींत. आपल्या घरांत बोलतों ती भाषा अक्षरांत उतरतां येते, हें त्या मुलांनीं प्रथमच पाहिलें. शिक्षणाच्या कामाशीं ज्याचा जन्म गेला, त्यास ह्या एका गोष्टीचें मोल किती, हें सांगावयास नको. मुलाला प्रथम त्याची भाषा द्यावी, मग दुसरी शिकवावी, हें तत्त्व तेथें रानांत अमलांत आलें होतें.

ह्या कामांत एका मराठी गृहस्थाचें स्मरण अवश्य केलें पाहिजे. इतिहासकार म्हणून पुढें सर्वांना परिचित झालेले सेतुमाधवराव पगडी हे त्या वेळीं हैदराबाद संस्थानाच्या नोकरींत होते. आदिलाबादेंत काम करीत असतां त्यांनीं गोंडी व कोलामी ह्या भाषा शिकून घेतल्या, त्यांचीं व्याकरणें लिहिलीं, आणि गोंडांच्या जीवनावर पुस्तक लिहिलें. निलंग्याकडचा मराठी मनुष्य सरकारी कामानें रानांत जातो आणि तेथल्या लोकांची भाषा शिकतो, ही गोष्ट व्हिएन्नाच्या पंडिताच्या कार्याइतकीच लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

ह्या कथेला दुसरी बाजूही आहे, आणि ती झांकून ठेवणें योग्य होणार नाहीं. ज्या सरकारच्या पोलिसांनीं कोमराम भीमाला मारलें, त्याच सरकारच्या आश्रयानें हायमेनडॉर्फ काम करीत होते. दरबारानें गाऱ्हाणीं ऐकलीं, पण लोकांच्या देवाच्या जत्रेंत सरकारची खुर्ची कायमची मांडली गेली, असाही आक्षेप घेतां येईल. तो अगदींच निराधार नाहीं. खुर्चीवर बसणारा ऐकणारा असेल तर दरबार होतो; ऐकणारा नसेल तर केवळ सोहळा उरतो. पट्टे दिले ते शेवटीं कागदाचेच, आणि कागद राखण्यास जागरूक अंमलदार लागतो. १९४९ नंतर हायमेनडॉर्फ लंडनला गेले. तेथील प्राच्यविद्यांच्या विद्यालयांत ते १९७६ पर्यंत अध्यापन करीत होते, आणि नेपाळच्या शेर्पांवरील त्यांचे ग्रंथ जगभर वाचले गेले. निवृत्तीच्या सुमारास ते पुन्हा आदिलाबादेंत आले, तेव्हां त्यांना काय दिसलें? मधल्या काळांत बाहेरून आलेल्या लोकांनीं कायद्याला वळसा घालून किंवा तो न जुमानतां पट्ट्यांच्या कितीतरी जमिनी पुन्हा गिळल्या होत्या. ज्या गोंड तरुणाच्या बापाला जमीन मिळालेली त्यांनीं पाहिली होती, तो मजूर झाला होता. हें सर्व त्यांनीं १९८२ च्या आपल्या ग्रंथांत स्पष्ट शब्दांत मांडलें.

तो ग्रंथ निघण्यापूर्वीं एक वर्ष, २० एप्रिल १९८१ रोजीं, केसलापुराच्या जवळच इंद्रवेल्ली येथें जमिनीच्या मागणीसाठीं जमूं पाहणाऱ्या आदिवासींवर पोलिसांनीं गोळीबार केला. सरकारी आंकड्याप्रमाणें तेरा माणसें ठार झालीं. मृतांची खरी संख्या ह्याहून पुष्कळ अधिक होती, असें लोक म्हणत आले आहेत. जेथें नागोबाचें पाणी घेऊन येणारी मंडळी देवीला नमस्कार करावयास थांबते, तेंच हें गांव. चाळीस वर्षांपूर्वीं जोडेघाटला जो प्रश्न विचारला गेला, तोच येथें पुन्हा विचारला गेला, आणि उत्तरही तसेंच मिळालें. वडाखालचा दरबार दर वर्षीं भरत राहिला होता. ऐकून घेणें आणि न्याय देणें ह्या दोन गोष्टी एक नव्हेत, हा इंद्रवेल्लीचा धडा आहे.

म्हणून ह्या प्रदेशाच्या इतिहासांत नवखे लोक किती तऱ्हेचे आले, हें ताडून पाहिलें पाहिजे. एक नवखी म्हणजे सून. ती डोक्यावर पदर घेऊन येते, देवाची भेट घेते, आणि कुळाचें ओझें उचलते. दुसरा नवखा म्हणजे जमीन शोधीत आलेला मनुष्य. तो कोणाची भेट घेत नाहीं, नांगर घालतो आणि कागद करून घेतो. तिसरा नवखा हा ऑस्ट्रियन विद्वान. तो कैदी म्हणून आला, पाहुणा म्हणून राहिला, आणि यजमानांचें देणें आपणास लागतें असें मानून जन्मभर तें फेडीत राहिला. तें पुरतें फिटलें नाहीं हें खरें. परंतु तें आपल्यावर आहे हें त्यानें कधीं नाकारलें नाहीं.

बेट्टीबाईंचें ११ जानेवारी १९८७ रोजीं हैदराबादेंत देहावसान झालें, आणि मार्लवाईच्या भूमींत त्यांची समाधि झाली. हायमेनडॉर्फ १९९५ च्या जूनमध्यें लंडनला वारले. पुढें त्यांच्याही अस्थि मार्लवाईस आणण्यांत आल्या. आज तेथें दोघांचीं स्मारकें शेजारीं-शेजारीं आहेत, आणि बाईंच्या पुण्यतिथीस गांवकरी तेथें जमतात. व्हिएन्नाच्या उमराव घराण्यांतला मनुष्य शेवटीं गोंडांच्या गांवीं विसावला. कुळांत घेण्याचा विधि त्याच्यासाठीं कोणी केला नव्हता. तो त्या गांवकऱ्यांनीं आपल्या रीतीनें पुरा केला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

केसलापुरास आतां नवें दगडी मंदिर उभें आहे. मेश्राम कुळानें आपल्याच वर्गणींतून तें बांधलें, आणि २०२२ सालीं तें पुरें झालें. पौष अमावास्या जवळ आली, कीं पांढरकवड्याकडून, वणीकडून, किनवटकडून माणसें निघतात. कोणी बैलगाडीनें, कोणी एस. टी. च्या गाडीनें पैनगंगा ओलांडतात. त्यांत नव्या सुना असतात, आणि एखादा शहरांतला जिज्ञासूही असतो. अशा जिज्ञासूनें वडाखालीं बसण्यापूर्वीं एक विचार करावा. येथें प्रत्येकाला एक काम आहे. आपलें काम कोणतें, हें विचारल्यावांचून जो बसला, त्यानें जत्रा पाहिली. तो जत्रेला आला नाहीं.